जुनी बंदूक, प्लॅस्टिकचा डाट

रानडुकरांनी मका लोळवला की पंचनाम्याला जावे लागते, आणि तिथे बंदुकीचा विषय निघतोच. आमचे खाते बियाण्यांचे, तरी सांगतो.

काही जुन्या वाड्यांत ‘पॅराडॉक्स’ बंदूक असते. १८८५ साली फॉस्बेरी यांनी पेटंट घेतलेली, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने बनवलेली. नळी आतून गुळगुळीत, फक्त तोंडाशी पिळाच्या खाचा. छर्रा चालावा, गोळीही चालावी म्हणून. हिच्यासाठी घरीच काडतूस भरावे, असे कुणी सुचवते. तिथेच घोळ होतो.

पूर्वीचा डाट नमद्याचा. आताचा म्हणजे प्लॅस्टिकची वाटी. ती वायू घट्ट अडवते, त्यामुळे तेवढ्याच दारूला दाब जास्त चढू शकतो. शंभर वर्षांची नळी तो सोसेलच असे नाही. शिवाय वाटी खाचांत धरून गरगर फिरते, बाहेर पडताच छर्रे चौफेर उडतात, मधे पोकळी राहते. डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर काय करते, हे राखणीला बसणाऱ्याला सांगायला नको! खाचांत प्लॅस्टिक चिकटते ते वेगळेच.

बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे तो गुन्हा आहे. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगीही लागते. पोलीस पाटलांनी गावातल्या अशा बंदुका परवानाधारक कारागिराकडून पेरणीआधीच तपासून घ्यायला लावाव्यात.