‘आय७’च्या स्टिकरला भुलू नका! पहिला गेमिंग पीसी घेताना पैसे कुठे घालायचे?

बारावीचा निकाल लागून इंजिनीअरिंगचा प्रवेश ठरला की घरात कॉम्प्युटरचा विषय निघतोच. आई-वडिलांना तो अभ्यासासाठी हवा असतो, मुलाला अभ्यासासाठी‘ही’ हवा असतो. बजेट पन्नास हजारांच्या आसपास. मग मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानात चौकशी होते आणि समोर येतो तयार सेट: रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट, ‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, गेमिंग पीसी’. किंमतही बजेटच्या बरीच आत!

यात खोटे काहीच सांगितलेले नसते. फक्त प्रोसेसर कोणत्या पिढीचा, हे सांगितलेले नसते.

इंटेलचा आय७-२६०० बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये. ऑफिसांतून निघालेले असे जुने प्रोसेसर स्वस्तातल्या मदरबोर्डवर बसवून ‘गेमिंग’ म्हणून विकले जातात. २०२२चा आय३-१२१००एफ नावाने धाकटा, पण गेममध्ये या आय७ला सहज मागे टाकतो. बरे, प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. २६००मध्ये एव्हीएक्स२ ही सुविधाच नाही, त्यामुळे ती सक्तीची असलेले नवे गेम सुरू होत नाहीत. विंडोज ११च्या अधिकृत यादीत तो बसत नाही आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्हॅलोरंटसाठी पीसी घेणाऱ्यांनी तर आधी हेच तपासावे. विंडोज ११वर हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो.

खेळणार काय, ते आधी ठरवा

बीजीएमआय हा मोबाइलचा गेम आहे, त्यासाठी पीसी घेण्यात अर्थ नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेमचा भार जास्त करून प्रोसेसरवर पडतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेमला ग्राफिक्स कार्ड तगडे लागते. पहिल्या प्रकारचे गेम खेळणाऱ्याने सुरुवातीला कार्ड घेतलेच नाही तरी चालते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच असते, सेटिंग्ज कमी ठेवून असे गेम त्यावर नीट चालतात. कार्ड पुढच्या दिवाळीत घेता येते.

इथे एक तडजोड आहे. साध्या ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅश असते, ५६००जीमध्ये १६. म्हणजे कार्ड पहिल्याच दिवशी घ्यायचे असेल, तर ‘जी’ घेऊ नये. उलट इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

कार्डांच्या नावांतही हाच घोळ आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे मिळतात. मेमरी कमी-जास्त एवढाच फरक नाही, ६ जीबीवालीची ताकदही कमी आहे. स्वस्तात मिळणारे आरएक्स ५८० अनेकदा ‘२०४८एसपी’ हे छाटलेले मॉडेल असते. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर दिवसरात्र राबलेली अशी असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. १०८०पीवर खेळायचे असेल तर ८ जीबीचे आरएक्स ६६००, नवे आणि वॉरंटीसह मिळत असेल, तर अजूनही समजूतदार निवड आहे.

रॅमचे गणित मात्र बिघडले आहे. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. दुकानदार म्हणतो, ‘आता एकच ८ जीबीची घ्या, नंतर वाढवू’. कार्ड असेल तर काही महिने हे चालून जाईल. ५६००जीसोबत मात्र नको. आतले ग्राफिक्स रॅमवरच जगते आणि एका स्टिकवर त्याचा वेग चांगलाच पडतो. भाव पाहून पोटात गोळा आला तरी ८ जीबीच्या दोन स्टिक घ्याव्यात. त्यासाठी दिव्यांचे कॅबिनेट सोडावे लागले तर खुशाल सोडावे.

‘फ्री’ एसएमपीएस सर्वांत महाग

पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कात्री एसएमपीएसवर चालते, कारण त्याने गेममध्ये एक फ्रेमही वाढत नाही. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेल्या डब्यावर ४५० वॅट छापलेले असते, तेवढे तो देईलच असे नाही. तो जळताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. जिथे वीज दिवसातून चारदा येते-जाते तिथे ही जोखीम आणखी मोठी. आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॅट घेते, ५६०० प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. म्हणजे नामांकित कंपनीचा ५०० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे, साडेसातशेची गरज नाही. ‘८० प्लस’चा शिक्का असावाच, पण तो विजेच्या बचतीचा आहे, सुरक्षेची हमी नव्हे. वॉरंटी किती वर्षांची, हेही पाहावे. आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर दोष बहुधा तिथे असतो.

बिलाशिवाय घेतल्यास १८ टक्के जीएसटी वाचेल, असे सुचवले जाते. ऐकायला बरे वाटते. पण कार्ड आठ महिन्यांनी बंद पडले तर सर्व्हिस सेंटर बिल मागते. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, ‘असेंबल्ड पीसी – १ नग’ असे मोघम बिल नको.

पीसी घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावलेली आहे ना, ते पाहावे. ही चूक भल्याभल्यांकडून होते. बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी सुरू करावे, नाहीतर ३२०० स्पीडची रॅम २४०० किंवा २६६६वरच चालत राहते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६०च्या जागी १४४ निवडावे लागते. ते आपोआप होतेच असे नाही.