आधी मॅट तर दिसू द्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या कोडोलीत बर्फ भेटतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपात. हिवाळी ऑलिम्पिकमधल्या घसरगाडीच्या खेळांत नवख्या देशांना जागा राखाव्यात का, या वादात इथल्या माणसाने तोंड घालणं आगाऊपणाचंच वाटेल. पण हा वाद बर्फाचा नाही, जागेचा आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गासाठी राखल्या. जातीचा अन्याय आणि बर्फाचा अभाव एका मापाने मोजता येत नाहीत, हे मान्य. पण त्या संस्थानच्या मातीत वाढलेल्याला जागेचं गणित कळतं.

स्केलेटन म्हणजे पोटावर पडून, डोकं पुढे करून बर्फाच्या धावमार्गावरून सुसाट घसरणं. २०१८च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये या खेळात प्रत्येक खंडाला प्रतिनिधित्व मिळावं, अशी तरतूद होती. तिच्या आधाराने घानाचा अक्वासी फ्रिम्पाँग आणि नायजेरियाची सिमिडेले अडेआग्बो उतरले. दोघेही आपापल्या शर्यतीत शेवटचे आले. २०२२च्या बीजिंगला ती तरतूद गेली. त्याच वेळी पुरुषांच्या तीस आणि महिलांच्या वीस जागा पंचवीस-पंचवीस झाल्या. ही समानता योग्यच. पण बड्या देशांच्या तिसऱ्या खेळाडूची जागा शाबूत राहिली आणि आफ्रिकेची एकुलती एक गेली, याला समानता कोणत्या तोंडाने म्हणायचं?

विरोधकांचा पहिला मुद्दा गुणवत्तेचा: ऑलिम्पिक सर्वोत्तमांचं, शेवटून पहिल्यांचं नव्हे. तसं असेल तर एका देशाचे तीनच खेळाडू, ही मर्यादा तरी कशाला? बीजिंगला घसरगाडीच्या दहा सुवर्णपदकांपैकी नऊ एकट्या जर्मनीने नेली. निव्वळ क्रमवारी लावली, तर जर्मनीचा चौथा-पाचवा खेळाडूही अनेकांना मागे टाकेल. त्याला घरी बसवलं जातं, म्हणजे हा देशांचा मेळा आहे हे नियमानेच कबूल केलेलं आहे. मग उरतो तो एवढाच प्रश्न, की मेळ्याचं दार किती रुंद ठेवायचं.

शेवटच्या क्रमांकाला हसणाऱ्यांनी खाशाबा जाधव आठवावेत. लाल मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला गेला, तेव्हा मॅटवरची कुस्ती त्याला नवी होती. तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याने कांस्यपदक घेतलं. लंडन नसतं तर हेलसिंकी कुठून आलं असतं? जमैकाचंही तेच. १९८८ साली कॅलगरीत त्यांची चौघांनी बसून चालवायची घसरगाडी, बॉबस्ले, उलटली आणि जगाला हसायला विषय मिळाला. १९९४ साली लिलेहॅमरला तेच जमैका अमेरिकी गाडीच्या पुढे, चौदावं आलं.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा, आणि तो गंभीर आहे. ल्यूज म्हणजे पाठीवर पडून, पाय पुढे करून घसरणं. २०१०च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी व्हिसलरला सराव करताना जॉर्जियाचा एकवीस वर्षांचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली याचा जीव गेला. पण त्यानंतर आयोजकांनी काय केलं? वळणाची भिंत उंचावली, पुरुषांची सुरुवात खाली आणली. म्हणजे दोष कुणाचाही म्हटला, तरी बदल धावमार्गातच केला गेला. यजमानांनी परदेशी खेळाडूंना सरावाच्या फेऱ्या मोजून दिल्या, अशी टीकाही तेव्हा झाली. जीव वाचतो तो फेऱ्यांनी. ज्याला धोका जास्त, त्याला फेऱ्या जास्त द्या. त्याचं नाव कापणं हा उपाय नव्हे.

तिसरा मुद्दा खरा आहे: वाढले एकीकडे, सराव दुसरीकडे आणि झेंडा तिसराच, असे खेळाडू या वाटेने येतात. इथे मी विरोधकांच्या बाजूचा. जागा द्यायची तर त्या देशात खेळ रुजवण्याचं काम दिसलं पाहिजे.

ते रुजतं कसं, हे मनालीजवळच्या वशिष्ठ गावच्या शिवा केशवनने दाखवलं. भारतात ल्यूजचा धावमार्ग नाही. गड्याने घसरगाडीला चाकं लावली आणि हिमालयातल्या घाटरस्त्यांवर, वाहनांच्या गर्दीतून सराव केला. १९९८ साली नागानोला, सोळाव्या वर्षी, तो अठ्ठाविसावा आला. २००६ साली तुरिनला पंचविसावा. सहा ऑलिम्पिक आणि आशियाई विजेतेपदं. पदक नाही, पण भारतात हा खेळ आहे, हे जगाला त्याच्यामुळे कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं. दर खंडाला दर प्रकारात एक जागा पक्की असावी, आणि ती बड्या देशांच्या तिसऱ्या जागेतून काढावी. तिला किमान वेळेची आणि ठराविक सुरक्षित फेऱ्यांची अट असावी. नुसत्या झेंड्यावर जागा नको. आणि धावमार्ग ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी सरावाचे तास व जुन्या घसरगाड्या नवख्यांना द्याव्यात.

खाशाबांच्या हेलसिंकीच्या वेळी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबा पदक आणणारच, अशी हमी त्यांना कुणी दिली नव्हती. कोडोलीशेजारच्या वारणानगरात कुस्तीचं मैदान भरतं तेव्हाही हमी कुणी मागत नाही. एक नंबरची कुस्ती बघायला लोक लोटतात, पण दुपारी आधी पोरांच्या कुस्त्या लागतात. हरलेलं पोर माती झटकत उठतं, कुणीतरी त्याच्या हातात दहा-वीस रुपये ठेवतं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा येतं. पोरांच्या कुस्त्या बंद केल्या, तर काही वर्षांनी एक नंबरला लावायला जोड कुठून आणणार?