संगणकातल्या कारखान्यात बाई कुठे आहे?

उत्पादन घटले की पूर्वी मालक सुपरवायझरला फैलावर घेत असे. आता काही मोठ्या कारखान्यांत सल्लागार येतात आणि संगणकावर कारखान्याची हुबेहूब नक्कल उभी करतात. तिला सिम्युलेशन म्हणतात.

शर्ट शिवणारी एक लाइन घ्या. कॉलर, कफ, बाही, काज-बटण या प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉच लावून मोजले जाते. मशीन किती तासांनी बंद पडते, दुरुस्तीला किती वेळ जातो, माल कुठे तुंबतो हेही संगणकाला सांगितले जाते. मग संगणक तोच दिवस शेकडो वेळा चालवून पाहतो आणि त्याच्या निकालावरून ठरते: इथली हेल्पर कमी करा, तिथे एक मशीन वाढवा, टार्गेट एवढे ठेवा. निकाल आकड्यांत येतो म्हणून तो निःपक्षपाती मानला जातो. आमचा आक्षेप नेमका इथेच आहे.

मशीनच्या बिघाडाचा तपशील बारकाईने भरतात. बाईच्या शरीराची मात्र एका टक्केवारीत बोळवण होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कार्य-अभ्यासावरील पुस्तकात उदाहरणादाखल दिलेल्या एका तक्त्यात वैयक्तिक गरजांसाठी पुरुषाला ५ टक्के आणि स्त्रीला ७ टक्के वेळ धरला आहे. आठ तासांत हे जेमतेम अर्धा तास होतात. मासिक पाळी, गरोदरपण, पाणी, शौचालय, सगळे त्यातच!

हा अर्धा तास तरी तिच्या हाती पडतो का? एका कामाला ४० सेकंद लागत असतील, तर ७ टक्क्यांनी त्यात सुमारे तीन सेकंदांची भर पडते. कागदावर बाईला वेळ मिळाला. पण तीन-तीन सेकंदांत कोणी लघवीला जाऊन येत नाही. ती दहा मिनिटे उठली की चौदा-पंधरा शर्ट तिच्यापुढे साचतात आणि पुढच्या बाईचे काम अडते. मग सुपरवायझरची बोलणी कोण खाणार? त्यापेक्षा बायका पाणीच पीत नाहीत. त्यातून होणाऱ्या मूत्रमार्गाच्या दुखण्याचा खर्च मालकाच्या हिशेबात कुठेच येत नाही. तो बाईच्या घरखर्चातून जातो.

मग हे तंत्रच नको का? तसे आम्ही म्हणत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील कारखान्यांत कधी कामाची झुंबड उडे, तर कधी कामगारांना घरी बसवले जाई. दोष बाजारातल्या चढउतारांना दिला जाई. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी वहीच्या पानावर पेन्सिलीने आकडेमोड करून दाखवले, की ही अस्थिरता कंपनीच्याच नोकरभरतीच्या आणि मालसाठ्याच्या धोरणांतून येते आहे. म्हणजे हे तंत्र बाल्यावस्थेत होते तेव्हाच त्याने व्यवस्थापनाकडे बोट दाखवले होते! आज तेच बोट हेल्परकडे वळवले जाते.

बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये शौचालयापुढच्या रांगेचेच सिम्युलेशन केले. नेहमीच्या मांडणीत बायकांना सहा मिनिटांहून अधिक थांबावे लागत होते, पुरुषांना काही सेकंद. सर्व जागा सामाईक केली तेव्हा बायकांची वाट पाहण्याची वेळ दीड मिनिटाच्या आत आली. सामाईक शौचालये आपल्याकडे हवीत की नकोत, हा वेगळा वाद आहे. मुद्दा असा की बाईचा खोळंबा मोजायचा ठरवला तर संगणक तोही मोजतो. मोजायचे काय, हे माणसेच ठरवतात.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सिम्युलेशनमध्ये काय गृहीत धरले, ते कामगारांना त्यांच्या भाषेत सांगा. सर्वांत चपळ बाईची वेळ सगळ्यांच्या माथी मारू नका. सवलतीचा वेळ सेकंदांत विरघळवू नका. तो सलग सुट्टी म्हणून द्या आणि तेवढ्या वेळासाठी बदली कामगार ठेवा. वाढलेल्या उत्पादनातला वाटा पगारात दिसू द्या.

मैत्रिणींनो, हे गणित आपल्याला कळणार नाही अशी भीती घालतील. त्याला बळी पडू नका. टार्गेट वाढल्याचे कानावर येईल तेव्हा संघटनेच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा: या हिशेबात शौचालयापर्यंत जाऊन यायला किती मिनिटे धरली आहेत, आणि ती कुणी मोजली?