पदवीचे मोल आणि कोयत्याचा दर

कराड असो, तासगाव असो की फलटण, चार शिकलेली माणसे एकत्र बसली की एक तक्रार हमखास निघते. ‘गवंडी दिवसाला हजार मागतोय. मग आमच्या पोरानं इंजिनिअर होऊन काय मिळवलं?’ तक्रार पोराच्या तुटपुंज्या पगाराची असती तर तिच्यात वावगे काही नव्हते. पण रोख असतो गवंड्यावर. शिकलेल्याला जास्त मिळाले की न्याय आणि अंगमेहनतीचा माणूस त्याच्या जवळपास पोचला की अन्याय, असे हे गणित आहे. ज्या सातारा-सांगलीत कित्येक घरांतली पहिली पदवी कष्टाच्या पैशावर आली, तिथे तरी ते तपासून घ्यायला हवे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सर्जनला आणि हमालाला एकच पगार द्या, असे मी म्हणत नाही. दोघांच्या दिवसाची किंमत मात्र एकाच हिशेबाने काढा. आधी कुटुंबाच्या जगण्याचा खर्च धरा, मग त्यावर कौशल्य, जोखीम आणि शरीराची झीज. शिक्षणालाही त्या हिशेबात एक रकाना असू द्या. पण तो एकच रकाना. असा हिशेब मांडला तर फरक राहील, आजची दरी राहणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : शिक्षणात उमेदीची वर्षे आणि बापाचे लाखो रुपये जातात, ते वसूल नकोत व्हायला? जरूर व्हावेत. पण हा खर्च एकट्या बापाने केला, हे खरे नाही. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते : महसूल रयतेच्या घामाचा आणि त्यातून उच्च शिक्षण मात्र वरच्या थरातल्यांचे. पुढे भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्यासाठी मोडले. गावोगावच्या शेतकऱ्यांनी धान्य घातले. मुले शेतात राबत, खडी फोडत शिकली. या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी प्राध्यापकांच्या, मामलेदारांच्या, डॉक्टरांच्या घरातली पहिली पदवी अशी लोकांच्या दाण्यावर उभी आहे. तेव्हा वसुलीच करायची तर ज्यांनी दाणे घातले, त्यांचाही वाटा काढावा लागेल.

शिवाय वर्षांचा हिशेब दोन्ही टोकांनी करायला हवा. शिकलेल्या माणसाची कमाई उशिरा सुरू होते, हे कबूल. पण ती साठीपर्यंत चालते आणि दरवर्षी वाढते. ओझे वाहणाऱ्याची कंबर, गुडघे आणि मणके पन्नाशीच्या आतच जाब विचारू लागतात आणि त्याच्या कमाईला उतरती कळा लागते. आधी गेलेल्या वर्षांची भरपाई मागायची आणि नंतर बुडालेल्या वर्षांबद्दल बोलायचे नाही, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप : अंगमेहनतीला अक्कल लागत नाही, ते अकुशल काम. असे म्हणणाऱ्याने वाळव्याकडच्या किंवा कराडच्या एखाद्या फडात थोडा वेळ उभे राहून बघावे. पाचट दवाने भिजलेले असते आणि पानांच्या कडा हातावर ओरखडे काढतात. कोयता जमिनीलगत चालवावा लागतो. दोन बोटे वर चालला की बुडखा राहतो. उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त, ती रानातच राहते आणि खोडव्याचे फुटवेही जोमाने येत नाहीत. फार खाली चालला तर माती लागून धार जाते. शेंड्याचे वाढे नेमक्या कांड्यावर उडवायचे. वर तोडले तर कमी साखरेचा माल कारखान्यात जातो, खाली तोडले तर शेतकऱ्याचे वजन बुडते. हे एकेका उसाला, क्षणात ठरवायचे. मग पाचट काढून मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन तिरप्या फळीवरून ट्रॉलीत चढायचे. कारखान्याच्या केमिस्टला साखरेचा जो उतारा प्रयोगशाळेत दिसतो, त्याची सुरुवात या हातात होते.

आणि दर? जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळाल्यावर तोडणीचा दर टनाला 366 रुपयांवर आला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन तोडू शकली तर दोघांत मिळून 732 रुपये. त्यातून मुकादमाची उचल फिटायची. याच तोडकऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे विचारत आल्या आहेत, की तोच ऊस यंत्राने तोडला तर टनाला जास्त दर मिळतो, मग माणसाने तोडला तर कमी का? यंत्रानेही काही पदवी घेतलेली नसते. त्याच्या मालकाचा हप्ता, डिझेल आणि दुरुस्ती हिशेबात धरली जाते. माणसाचे जेवण, आजारपण आणि लेकरांची शाळा धरली जात नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आव आणतो : मजूर पुष्कळ, पदवीधर थोडे, मागणी-पुरवठ्याने दर ठरतो, त्याला कोण काय करणार? हा नियम मानणाऱ्यांनी तो निदान शेवटपर्यंत मानावा. मिरज-तासगावच्या द्राक्षबागांत छाटणीला आणि विरळणीला माणूस मिळत नाही, ही बागायतदारांची नेहमीची ओरड आहे. मग दर वाढला की ‘मजूर माजले’ असे का म्हणायचे? नियमच आहे ना? उलट पदवीधर आज गल्लोगल्ली आहेत, आणि पुरवठा वाढला की काय होते ते मानधनावर शिकवणाऱ्या शिक्षणसेवकांना विचारा. 1 जानेवारी 2023 ला मानधनवाढ लागू होईपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना 6,000 रुपये मिळत होते. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोजचे 231 रुपये. त्याच 2022-23 या आर्थिक वर्षात राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 256 रुपये होती. म्हणजे शाळेचा पाया भरणाऱ्याला त्याच शाळेत शिकवणाऱ्यापेक्षा जास्त! डीएड, पात्रता परीक्षा हे सगळे करूनही शिक्षकाला ते कागद उपयोगी पडले नाहीत.

उलटा दाखला मुंबईच्या माथाडींचा. सातारा-सांगलीच्या डोंगरी तालुक्यांतून मुंबईला गेलेली माणसे बाजारपेठांत डोक्यावर ओझी वाहत. त्यांना पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. मंडळे आली, नोंदणी आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि औषधपाण्याची सोय झाली. त्या हमालांनी 1969 मध्ये कुठलीही पदवी घेतली नव्हती. वाढली होती ती त्यांची ताकद. मजुरी शिक्षणाने ठरत असती तर शिक्षणसेवक वर असता आणि माथाडी खाली. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हा आपल्याकडचा खरा वेतननियम आहे. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले, हे नाकारत नाही. ते पोलिसांनी बघावे. त्यासाठी कायद्याला दोष देण्याचे कारण नाही.

‘जास्त दिले तर दारूत घालतील’ या आक्षेपाला एका वाक्याहून जास्त जागा देण्याची गरज नाही. सातवा वेतन आयोग देताना कुठल्या साहेबाला, फरकाची रक्कम कशात घालणार, असे विचारले होते?

खरा जड आक्षेप शेवटचा आहे : शेतकऱ्याला परवडत नाही. यात तथ्य आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या किमान दरातून, कापला जातो. म्हणजे कोयत्याला दोन पैसे जास्त गेले की शेतकऱ्याचे दोन कमी होतात. दोघे गरजू एकमेकांसमोर उभे राहतात आणि साखर, इथेनॉल व वीज विकणारा कारखाना बाजूला राहतो. त्यातूनच ‘खुशाली’, म्हणजे टोळीने शेतकऱ्याकडून दराच्या वर मागायचे पैसे, आली. टोळीने खुशाली मागितली की शेतकरी चिडतो, आणि त्याचे चिडणे बरोबरच आहे. पण दारातून दर नीट दिला नाही की तो खिडकीतून मागितला जातो. खुशाली बंद करायची तर दर पुरता द्यावा लागेल, आणि वाढीचा मोठा भाग लेव्हीसारखा कारखान्यावर बसवावा लागेल. शेतकऱ्याची अडचण हे मजुराला कमी देण्याचे कारण होत नाही. दोघांचेही देणे कोण चुकवतो ते शोधण्याचे कारण होते.

आता खंडन पुरे. मांडायचे आहे ते नवे काही नाही, सरकारच्याच दप्तरात आहे. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे सूत्र घालून दिले : कमावत्या माणसामागे तीन जणांइतका खर्च धरायचा, त्यात माणशी 2,700 कॅलरी अन्न, कपडालत्ता, घरभाडे. हेच सूत्र वापरून सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन 18,000 रुपये धरले. जानेवारी 2024 पासूनचा 50 टक्के महागाई भत्ता मिळवला तर 27,000 होतात. 26 दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे 1,040. हा कोणा अधिकाऱ्याचा पगार नाही. चौघांच्या घराला माणसासारखे जगायला एवढे लागते, ही सरकारने दिलेली कबुली आहे. आणि त्याच महिन्यात तोडणाऱ्या जोडीच्या दिवसाचे 732 रुपये ठरले, तेही दोघांत. शिपायाच्या लेकराला जितक्या कॅलरी लागतात, तितक्या तोडकऱ्याच्या कोपीतल्या लेकराला लागत नाहीत काय?

तेव्हा मागणी तीन ओळींची आहे. तळाचा दर सर्वांना याच सूत्राने, मग माणूस खुर्चीवर बसणारा असो की फडात वाकणारा. त्यावर कौशल्य, जोखीम आणि झीज यांची भर, ठरावीक पायऱ्यांनी. आणि ते मिळवून देणारी माथाडीसारखी मंडळे, ऊसतोडीपासून बांधकामापर्यंत. अशक्य म्हणणाऱ्यांनी तासगाव तालुक्यातले विसापूर आठवावे. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तिथे रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला, तेव्हाही मागेल त्याला काम ही कल्पना पुस्तकी ठरवली गेली असती. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाने तीच वाट धरली. कामाचा हक्क ज्या मातीत रुजला, त्या मातीत कामाच्या पुऱ्या दामाचा हक्क रुजायला हरकत नाही.

यात पदवीधराचे नुकसान तर नाहीच. तळाचा दर वर सरकला की शिक्षणसेवकाला पूर्वीसारखे 6,000 वर राबवणे कोणालाही जमणार नाही. तासिकेवर शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही मग मान वर करून पगार मागता येईल. गवंड्याच्या हजारावर डोळा ठेवणाऱ्या बापाने म्हणून भांडण बदलावे. त्याच्या इंजिनिअर पोराचा पगार गवंड्याने खाल्लेला नाही. तो ज्याने दाबून ठेवला आहे, त्याच्याशी भांडायला गवंडी आणि इंजिनिअर एका बाजूला उभे राहिले, तर दोघांचाही दर वाढेल.