उपचारांनंतरचे दोन तास

केमोची शेवटची फेरी पार पडते, डॉक्टर ‘आता तीन महिन्यांनी या’ म्हणतात आणि घरी पेढे वाटले जातात. आजार संपला, असे सर्वांना वाटते. ज्याने तो सोसला, त्याच्या मनाचा अवघड काळ मात्र पुष्कळदा याच सुमारास सुरू होतो. अंगाला हाताखाली काही टणक लागले की झोप उडते. चुलीवरचे दूध उतू जाते, हिशोब चुकतो, पोथीचे पान वाचूनही अर्थ लागत नाही.

पाथर्डीसारख्या तालुक्यात यात आणखी एका एकटेपणाची भर पडते. उपचारांसाठी अहिल्यानगर, पुणे, बार्शी किंवा थेट मुंबईचे टाटा रुग्णालय गाठलेले असते. परतल्यावर मनाची विचारपूस करणारे जवळ कोणी नसते. दसऱ्यानंतर अनेक घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जातात. बरे झालेले माणूस म्हाताऱ्यांसोबत मागे राहते आणि आपण आता ओझे झालो, असे मनाशी घोकत बसते.

अशा मनाला निसर्गाच्या सहवासाचा आधार मिळू शकतो. ‘निसर्गोपचार’ म्हटले की आपल्याला उरुळी कांचनचा आश्रम आणि मातीच्या पट्ट्या आठवतात. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. औषधे किंवा तपासण्या सोडून काहीही करावयाचे नाही. झाडाझुडपांमुळे कर्करोग बरा होत नाही, आणि तसे सांगणाऱ्यापासून दूर राहावे, हे उत्तम.

मग होते काय? आजार, खर्च आणि निर्णय यांच्या ताणाने मनाची एकाग्र होण्याची शक्ती थकते. पाने हलणे, पाखरांची ये-जा, ढगांची सावली या गोष्टी मनाला प्रयत्नावाचून गुंतवतात आणि थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो, अशी मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांची मांडणी आहे. तिच्याच आधारे अमेरिकेत बर्नाडीन सिम्प्रिच आणि डेव्हिड रोनिस यांनी स्तनाच्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेल्या १५७ स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका गटाने आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालवावीत, असे ठरले होते. शस्त्रक्रियेनंतर त्या गटाची एकाग्रता दुसऱ्या गटापेक्षा अधिक सावरलेली आढळली. अभ्यासाने मोजले ते एवढेच. पण तेही थोडे नव्हे.

पाथर्डीच्या वाचकाला हे वाचून हसू येईल. आमचा जन्म रानातच गेला, आम्हाला कसला आला निसर्ग! हा आक्षेप रास्त आहे. शेतात उतरले की नजर झाडावर न जाता तणावर, आटलेल्या विहिरीवर, सोसायटीच्या कर्जावर जाते. म्हणून हे दोन तास खुरपे न घेता घालवावयाचे, आणि शक्यतो आपल्या वावराबाहेर. गर्भगिरीच्या कुशीत, वृद्धेश्वराच्या परिसरात जाता आले तर उत्तमच. न जमल्यास अंगणातला कडुनिंब पुरेसा आहे. एका दमात नको, रोज वीस मिनिटेही चालतील. घरच्यांनी मात्र ‘रिकामी का बसलीस?’ हे विचारणे सोडावे. आमच्या मते यातील सर्वांत अवघड पथ्य हेच आहे.

काही काळजी आवश्यक आहे. किरणोपचार झालेली त्वचा उन्हात उघडी ठेवू नये. सकाळची वा सायंकाळची वेळ बरी. काखेतील गाठी काढलेल्या असतील, तर त्या हाताला बाभळीचा काटाही लागू देऊ नये. लागल्यास जखम लगेच धुवावी आणि सूज वा लाली दिसताच डॉक्टरांना दाखवावी. पांढऱ्या पेशी कमी असेपर्यंत शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा यांत हात घालू नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, जेवण-झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर झाडाखाली बसून वाट पाहू नये, डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.