दोन फटके

कबनुरात गोल्फचं मैदान नाही आणि होईल असंही दिसत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या इथल्या पोरांना क्रिकेटला जागा मिळाली तरी पुष्कळ झालं. तरीही गोल्फमधला एक नियम त्यांना चटकन कळेल, कारण तो थेट रडीच्या डावाबद्दल आहे.

चेंडू झाडाखाली जाऊन पडलाय. खरा फटका मारण्याआधी गडी नुसताच हवेत हात फिरवून पाहतो आणि काठी लागून फांदीची चार पानं गळतात. आता? नियम ८.१ म्हणतो, गळलेली पानं मोजत बसू नका. ती गेल्यामुळे काठी फिरवायला जागा मोकळी झाली का, ते पाहा. झाली असेल तर दोन फटक्यांचा दंड. समोरासमोरचा सामना असेल तर तो होलच गमवायचा. पानांची दाटी होती तशीच राहिली, त्यातलं एखादंच पडलं, तर माफ. ‘मुद्दाम नाही हो केलं’ ही सबब चालत नाही. हीच पानं खऱ्या फटक्यासाठी काठी मागे नेताना गळली आणि तो फटका पुरा मारला, तर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. झाडाला काय वाटलं, हा प्रश्न नियमात कुठेच नाही. प्रश्न एकच: पान पडून तुझा फायदा झाला का?

आणि याचं उत्तर बहुतेक वेळा त्या गड्यानंच द्यायचं असतं. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत हिल्टन हेडच्या स्पर्धेत इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस जिम फ्युरिकशी बरोबरीत होता. निर्णायक होलवर डेव्हिसचा चेंडू अडथळ्याच्या हद्दीत गेला. अशा जागी सुटी काडी हलवायलाही तेव्हा मनाई होती. काठी मागे नेताना तिथली एक सुटी काडी हलल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं स्वतःच पंचांना बोलावलं. चित्रफीत संथ करून पाहिल्यावर काडी खरोखरच हललेली दिसली. दोन फटके चढले, विजेतेपद फ्युरिकला गेलं. अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेत डेव्हिसची विजयाची पाटी तोवर कोरीच होती. पुढे २०१९ च्या नव्या नियमांनी अशा जागी सुटी काडी हलवायला मुभा दिली. डेव्हिसला त्याचा काय उपयोग!

गोल्फच्या नियमाला झाडाची पर्वा नाही; आमच्याकडे मात्र शहरी झाडांसाठी १९७५ चा राज्य कायदा आहे. त्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच मोजलं जातं. पण दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून कडुनिंबाची एक बाजू साफ होते, वाढदिवसाच्या फलकावरचा चेहरा झाकला जाऊ नये म्हणून गुलमोहर बोडका होतो. विचारलं तर ठरलेलं उत्तर: फांदी तारांना लागत होती. तार रस्त्याच्या पलीकडून गेलेली असते, ते सोडा. इथे ८.१ लावायला पंचाचीही गरज नाही. जागा मोकळी झालेली आहे, फायदा कुणाचा झाला ते फलकावरच छापलेलं आहे, फोटोसकट, आणि खाली शुभेच्छुकांची अख्खी यादी.

प्रत्येकी दोनच फटके.