सोंगातला धडा

धडा संपला की त्याखालचे प्रश्न सुरू होतात. 'राजा का रागावला? एका वाक्यात उत्तर लिहा.' मुले ते वाक्य लिहितात, त्यांना गुण मिळतात आणि राजा बिचारा पुस्तकातच रुसून बसतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात चौथीचा वर्ग घेताना मला या एका वाक्याचा अगदी वीट आला. शेवटी मी प्रश्न तसाच ठेवला. उत्तर मात्र लिहायचे नाही, राजा होऊन द्यायचे, असा नेम केला.

"म्हणजे गॅदरिंगचे नाटकच की!" असे कोणी म्हणेल. पण नाटकात भाषणे पाठ असतात, चमकीचे कपडे असतात. बोलक्या पोराला राजा करतात आणि मुक्याला झाड. आमच्या सोंगात पाठांतर नाही, पडदा नाही, टाळ्या वाजवायला पालकही नाहीत. गोष्ट अमुक जागी येऊन थांबली. आता तू राणी, बोल! गंमत अशी की, राणीला बोलायचे तर राणीविषयी जे लिहिले आहे ते आधी नीट वाचावेच लागते.

ही काही माझ्या डोक्यातली नवी टूम नव्हे. एकनाथांनी भारुडातून सोंगे घेऊनच लोकांना शहाणे केले. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या १९३२ सालच्या पुस्तकातला मास्तर चौथीच्याच मुलांना आधी गोष्टी सांगतो आणि मग त्या करून दाखवायला लावतो. आणि आमचा जिल्हा तर नरसीच्या नामदेवाचा. देव नैवेद्य खातो असे थोरांनी सांगितले, ते खरे मानून ताटापुढे हटून बसलेले ते पोर! गोष्ट खरी मानण्याची विद्या आमच्या मातीतच आहे म्हणा ना.

पुस्तक मी निवडले ते मात्र सातासमुद्रापलीकडचे. ऑक्सफर्डच्या एका गणिताच्या अध्यापकाने ४ जुलै १८६२ रोजी नावेत बसून तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली आणि १८६५ साली लुईस कॅरल या नावाने ती छापली. तीच ती ॲलिसची अद्भुत कादंबरी. देवदत्त नारायण टिळकांनी तिला मराठीत 'जाईची नवलकहाणी' केले. गोष्ट मी माझ्या शब्दांत सांगितली, नाव मात्र टिळकांचेच ठेवले : जाई.

या कादंबरीच्या शेवटी पत्त्यांच्या राजाचा दरबार भरतो. राणीची पक्वान्ने चोरीला गेलेली असतात. आम्ही त्यांच्या करंज्या केल्या. पंच मंडळी पाटीवर आधी स्वतःचीच नावे लिहून ठेवतात, खटला संपेपर्यंत विसरायला नकोत म्हणून! हे ऐकताच सगळा वर्ग पंच व्हायला धावला.

जाई कोण होणार, यावर मात्र वाद पेटला. पोरांनी निवडली ती तांड्यावरची एक मुलगी. घरी ती गोरबोली बोले. वर्गात पुस्तकी मराठीच्या धाकाने तिचे तोंड सहसा उघडत नसे. पण सोंगात कोणाची भाषा कोण तपासतो? पहिल्या दिवशी ती तिच्या बोलीत राजाशी भांडली, दुसऱ्या दिवशी अर्धे भांडण मराठीत आले, आणि आठवड्याने तिला आवरणे कठीण झाले.

एवढ्यात एक मुलगा उठला. "बाई, ती दिवाळी झाली की उसाला जाणार. मग तिला जाई कशाला?" वर्ग एकदम गप्प झाला. त्याचे बोलणे खोटे नव्हते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यामागे पोरे. काही गावांत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. पण सगळ्याच आयांचा जीव मूल मागे ठेवायला धजत नाही.

मी काही बोलण्याआधीच आमचे राजेसाहेब गरजले, "नियम बेचाळीस! जो गाव सोडून जाईल, त्याने दरबारातून निघावे!" मूळ पुस्तकात हा नियम मैलभराहून उंच असलेल्यांसाठी आहे. पोराने तो बरोब्बर इथे आणून बसवला होता. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा नियम तू आत्ताच केलास. जुना असता तर एक नंबरचा असता!"

पुस्तकातली जाई राजाला हेच ऐकवते. पण हिने ते पाठ केले नव्हते. त्या घटकेला तिला त्याची गरज होती. ज्याच्या हातात वही तोच नियम करतो, आणि त्याला "हा कधी केलास?" असे विचारता येते, हे चौथीतल्या पोरीला दहा धड्यांनी कळले नसते.

यामुळे तिचा उसाचा फड चुकला, असे मी म्हणणार नाही. ट्रक आला आणि ती गेली. पण पंचांनी पाट्या खाली ठेवून एकमताने ठराव केला : जाई हजर नाही, सबब खटला तहकूब, पुढची तारीख ती परतल्यावर. हजेरीपटावरचे नाव सरकार राखते. हे नाव पोरांनी राखले. गुढीपाडव्याच्या सुमारास ती परतली. दप्तर ठेवायच्या आधी तिने विचारले, "खटला झाला तर नाही ना?"

माणसे कामापाठी जातात तिथे शाळेनेही जावे, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढून दाखवले. ते मोठ्या माणसांचे मोठे काम. पण मुलाला वर्गात एक जागा अशी द्यावी की त्याच्यावाचून गोष्ट अडून राहील, एवढे तर तुम्हाआम्हाला जमेल.

म्हणून वाचक मातापित्यांनो, या सुटीत मुलांच्या हाती नुसते पुस्तक देऊन मोकळे होऊ नका. राजाचे सोंग मुलाला द्या, आरोपी तुम्ही व्हा, आणि तुमचे मूल तुम्हाला काय विचारते ते मुकाट्याने ऐका. करंज्या घरात आहेतच. खटला तेवढा उभा करायचा!